रुग्णाच्या उशाशी

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा चालक भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा विषयाच्या शोधात मला फार दूर जावे लागले नाही. आपल्या नागनाथाच्या देवळाशी जोडलेली नामदेव-विसोबांची कथा आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गुरूच्या शोधात नामदेव येथे आले, तो पिंडीवर पाय ठेवून निजलेला एक म्हातारा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी रागावून पाय काढण्यास सांगितले. म्हातारा म्हणाला, माझ्याने हलवत नाही. जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय हाती घेतले, आणि जेथे ठेवावेत तेथे पिंडी!

कीर्तनकार या कथेतून देवाच्या सर्वव्यापकत्वाचा बोध काढतात, आणि तो योग्यच आहे. परंतु बायकांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट सुटू नये. हा बोध होण्यापूर्वी नामदेवांना एका थकलेल्या, न उठणाऱ्या माणसाचे पाय स्वतःच्या हातांनी उचलावे लागले. घरोघरी हे काम कोण करते, ते मी सांगायला नको. या कामाचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्या मुलींना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण रुग्णसेवेला ‘शुश्रूषा’ म्हणतो. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. रोग्याचे ऐकणे, हीच सेवेची पहिली पायरी, असे जणू हा शब्दच आपल्याला सांगतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत, असेही तेथे म्हटले आहे : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. यात ज्ञान आणि माया शेजारी शेजारी ठेवली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे मात्र आपल्या समाजाने माया तेवढी बायकांच्या पदरात टाकली आणि ज्ञानाची वाट त्यांना बंद करून ठेवली.

ती वाट ज्यांनी उघडली त्या सावित्रीबाई फुले शिक्षिका म्हणून सर्वांना परिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे रुग्णाच्या उशाशी गेली, याचा उल्लेख मानाने कमी होतो. १८८८ साली जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्या अवस्थेत डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. पुस्तकावर नाव लिहिणाऱ्याचे असते, आणि ते तसेच असायला हवे. पण अर्धे अंग गेलेल्या माणसाला उठवून बसविणे, न्हाऊ घालणे, भरविणे यांशिवाय कोणतेही पुस्तक पुरे होत नाही, हे ज्या भगिनीने असा रोगी घरात सांभाळला आहे तिला पटेल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत ग्रंथिक संनिपात, म्हणजे प्लेग, प्रकट झाला आणि काही महिन्यांतच पुण्यास पोहोचला. काखेत, जांघेत गाठ येई, ताप चढे, आणि थोड्याच दिवसांत निकाल लागे. हा रोग उंदरांवरील पिसवांतून पसरतो, हे १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखविले. त्यावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन तर १९४३ साली सापडले. म्हणजे १८९७ साली रोग कोठून येतो हे ठाऊक नव्हते आणि आल्यावर द्यायला नेमके औषधही नव्हते. पुढील तीस वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. शेजारी शेजाऱ्याला टाळू लागला, घरच्यांनी घरच्यांकडे पाठ फिरविली. सरकारी तपासणीच्या धाकाने लोक रोगी लपवू लागले.

अशा वेळी सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा डॉक्टर झाला होता. फुले दांपत्याने विधवांसाठी चालविलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेले हे मूल. मायलेकांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूस माळरानावर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या दलित वस्तीतील गायकवाडांच्या मुलाला गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या संसर्गाने त्या स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग्यांची सेवा करणारा यशवंतही १९०५ साली प्लेगनेच गेला.

कोणी म्हणेल, औषध नव्हते तर त्या तेथे करीत काय होत्या? पाणी पाजणे, कपाळावर ओली पट्टी ठेवणे, अंथरूण बदलणे, घाण काढणे, आणि ज्याला सर्वांनी सोडले त्याला न सोडणे. औषधाविना गाठीच्या प्लेगाने दहातले तीन ते सहा रोगी दगावतात, बाकीचे तगतात. ज्याला तगायचे त्याच्या तोंडात वेळेवर पाणी जाणे हाच उपचार. आणि ज्याला जायचे त्याच्या हातात कोणाचा तरी हात असणे, हाही उपचारच. वैद्याचा उपाय संपतो तेथे शुश्रूषेचे काम संपत नाही. ते तेथे अधिकच लागते.

पण त्यागावर समाज किती दिवस चालणार? सेवा करणारी बाई दर वेळी मरूनच थोर ठरू लागली, तर त्यात सेवेचा गौरव कमी आणि समाजाची सोय अधिक! तिला शिकविणे, तिच्या जिवाची काळजी घेणे आणि तिच्या श्रमाचे मोल देणे, ही पुढची पायरी होती. इंग्लंडात ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी घालून दिली. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या आणि हवा, पाणी, स्वच्छता व काटेकोर नोंदी यांचे महत्त्व त्यांनी जगाला पटविले. १८६० साली लंडनमध्ये त्यांच्या नावे परिचारिकांची शाळा निघाली.

आपल्याकडे हे काम रमाबाई रानडे यांनी हाती घेतले. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे निवर्तले. त्या दुःखातून सावरून रमाबाईंनी सार्वजनिक कार्यास वाहून घेतले आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. १९११ च्या सुमारास सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. आज ही ओळ वाचायला सोपी वाटते. त्या काळी परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, सर्व जातींच्या रोग्यांचे करायचे, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, हे ऐकून घरोघर कानांवर हात ठेवले जात. अशा वेळी ज्या मुली आणि ज्या बालविधवा या शिक्षणाला पुढे झाल्या, त्यांनी केवळ पोटापाण्याची सोय पाहिली नाही. मायेला ज्ञानाची जोड पुन्हा मिळवून दिली.

त्यानंतर औषधे आली, यंत्रे आली, आणि पूर्वी असाध्य असलेले कित्येक रोग साध्य झाले. तरी जीव धोक्यात घालणारे आजार संपले नाहीत, आणि उशाशी बसणारीची गरजही संपली नाही. लंडनच्या सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या. मरणाच्या वाटेवरील रोग्यांच्या वेदना पाहून त्या पुढे डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी अशा रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर ही संस्था काढली. वेदना देहाची असते तशी मनाची, घराच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या देशातील अशा प्रकारची पहिली संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाली.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले करोनाचे रोगी पुण्यातच आढळले. सावित्रीबाईंना जाऊन त्या वेळी एकशे तेवीस वर्षे पुरी होत होती. पुन्हा तीच भीती, तोच दुरावा. मुलाला आईजवळ जाता येईना. तेव्हा आपादमस्तक झाकलेल्या परिचारिका रोग्याच्या कानाशी फोन धरून घरच्यांचा आवाज ऐकवीत होत्या. शुश्रूषेचा मूळ अर्थ त्यांनी कोशात पाहिला नसेल. पण तो त्यांना कळला होता.

भगिनींनो, मोठा आजार म्हटला की आपल्याकडची माणसे नांदेडची वाट धरतात, आणि तेथून परत आले की उरलेले दिवस घरच्या सुनेच्या किंवा मुलीच्या हाती असतात. न उठणाऱ्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ओठ कोरडे पडू देऊ नयेत. रोग्यासमोर त्याच्याविषयी कुजबुजू नये. वेदना होते असे तो म्हणाला तर ते खरे मानावे. एवढे ज्ञान प्रत्येक घरात असायला हरकत नाही. आपल्या मंडळाने एखाद्या अनुभवी परिचारिकेला बोलावून वर्षातून चार दिवस हे शिकवावे, अशी माझी सूचना आहे. आणि जी सून सहा महिने रात्री जागते आहे, तिला एका दुपारी तरी शेजारणीने सोडवावे.

आणखी एक. रात्रपाळी करावी लागते म्हणून नर्स असलेल्या मुलीचे स्थळ परत पाठविणारी घरे अजूनही आढळतात. मात्र घरात कोणी गंभीर आजारी पडले की त्याच घरातले लोक रात्री दोन वाजता ‘सिस्टर, सिस्टर’ म्हणून हाका मारतात. त्या हाकेला उत्तर देणारी मुलगी कोणाच्या तरी घरची लेक असते. तिला आपल्या घरात मानाने जागा मिळाली, तर सावित्रीबाईंची पुण्यतिथी आपण साजरी केली असे म्हणता येईल.