मळी, पिंप आणि स्वस्त घोट

माधवनगरच्या परिसरात स्वस्त दारूचा इतिहास उसाच्या मळीपासून सुरू होतो. वसंतदादा पाटलांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, कृष्णाकाठी कारखाने वाढले आणि मळीचा प्रश्नही वाढला. टनभर उसामागे सुमारे चाळीस किलो मळी उरते. डिस्टिलरीत ती आंबवून जवळपास 96 टक्के शुद्ध, म्हणजे बहुतेक चव गेलेला अल्कोहोल निघतो. त्यात पाणी, रंग आणि वास मिसळला की झाली 'इंग्लिश'. आपला कायदा तिला व्हिस्की म्हणू देतो. युरोपात धान्याशिवायच्या दारूला ते नाव लावता येत नाही. ही क्वार्टर कुणी नीट पीत नाही, सोडा नाहीतर थम्सअप लागतेच.

दोष मळीचा, असं पुष्कळ जण म्हणतात. पण मळीचीच रम पिंपात मुरली की नीट पिता येते. हवेचा म्हणावा, तर उन्हाळ्यात पिंपातली दारू लवकर मुरते. बाष्पीभवनाने घट मात्र जास्त होते. माझ्या मते खरा दोष कायद्यात आहे. मुंबई इलाख्याच्या 1878 च्या अबकारी कायद्यापासून सरकारची नजर महसुलावर राहिली, 1892 च्या कायद्याने मोहाच्या फुलांवर बंधनं आली, आणि 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्यांचं राज्य आणलं. दारू किती मुरली, हा प्रश्न सरकारी हिशेबात दुय्यमच राहिला. उलट अमेरिकेत 1897 साली 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला: किमान चार वर्षं मुरवणं, पन्नास टक्के अल्कोहोल, आणि कोठारावर सरकारी देखरेख. पुढे बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी निदान 51 टक्के मका, 80 टक्के अल्कोहोलच्या आतलं डिस्टिलेशन आणि आतून जाळलेली नवी ओकची पिंपं सक्तीची झाली. वरून रंग घालायचा नाही. त्यामुळे तिथली स्वस्त बाटलीही एका पातळीखाली जात नाही.

कायदा काय करणार, किंमत तर आयातकरच ठरवतो, असं कुणी म्हणेल. ते निम्मं खरं आहे: 2025 मध्ये बर्बनवरचा कर 150 वरून 100 टक्क्यांवर आला, तरी बाटली इथे महागच. पण पैसे मोजायचेच असतील तर नावाला भुलू नका. लेबलावर 'स्ट्रेट' असेल आणि वय छापलं नसेल, तर ती निदान चार वर्षं मुरलेली असते. कारण त्याहून कोवळ्या स्ट्रेट बर्बनवर वय छापणं सक्तीचं आहे.