जुन्या मोटारींच्या अंतर्भागातील प्लास्टिक : प्रीमिअर पद्मिनीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासलेखनात इंजिन, परवाना व भांडवल यांची चर्चा विपुल आढळते. अंतर्भागातील प्लास्टिकच्या सुट्या भागांकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः वापरणाऱ्याचा हात रोज पडतो तो याच भागांवर.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. पुढे हीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. परवाना पद्धतीच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हातातील गाडी टिकविणे हाच व्यवहार्य मार्ग होता. दुरुस्ती आणि फेरफार यांतील सीमारेषा येथेच पुसट झाली.

प्लास्टिकच्या जातीवर दुरुस्तीची रीत अवलंबून असते. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट एकदा घट्ट झाल्यावर उष्णतेने मऊ होत नाही. त्यातील तडा बाहेरून भरून घासावा लागतो. एबीएस मात्र उष्णतेने वाकते व ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून त्याच्याच चुऱ्याचा लगदा करून भेग सांधता येते. रेक्झिनमधील पीव्हीसीचे दुखणे निराळेच. त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य कालांतराने निघून जाते आणि आच्छादन कडक होऊन चिरते.

मुंबईतील टॅक्सीचालकांनी छताला नक्षीदार आच्छादने लावली, डॅशबोर्डवर देवाच्या मूर्ती बसविल्या. हौशी संग्राहकास हे विद्रूपीकरण वाटते. इतिहासाच्या दृष्टीने तो पुरावा होय. आंतरराष्ट्रीय प्राचीन वाहन महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनदही वाहनाच्या नियमित वापराच्या काळातील फेरफार जपण्यास अनुकूल आहे.

भारतीय नियमांची भूमिका वेगळी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातील, खासगी वाहनच ‘विंटेज’ ठरते. चौकट, सांगाडा व इंजिन यांतील बदलांचा तेथे उल्लेख आहे, अंतर्भागाचा नाही. व्यावसायिक असल्याने टॅक्सी तर या व्याख्येत बसतच नाही. २००३ मध्ये ताडदेव येथे नोंदविलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. अशी एखादी टॅक्सी जतन करताना छताचे नक्षीदार आच्छादन काढून कारखान्यातील अस्तर बसविले, तर उरेल ती फियाट. मुंबईची टॅक्सी नव्हे.