न दिसणाऱ्या कणांचा जमाखर्च

घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या गृहिणीस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. महिन्याच्या आरंभीं हातीं आलेली रक्कम पैपर्यंत माहीत असेल, तरच मधल्यामध्यें किती गळालें हें सांगतां येतें. जमेचा आंकडाच संदिग्ध असेल, तर खर्चाच्या वहीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. सूक्ष्म कणांचे अत्यंत विरळ क्षय मोजण्याचा इतिहास हा बहुतांशीं अशाच चोख जमाखर्चाचा इतिहास आहे.

व्हिएन्ना येथें जन्मलेले शास्त्रज्ञ ब्रूनो टाउशेक यांनीं १९६० च्या मार्च महिन्यांत इटलींतील फ्रास्काती येथें एक कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांना एकाच कड्यांत परस्परविरुद्ध दिशांनीं फिरवून एकमेकांवर आदळवावें, अशी ती कल्पना होती. दुसऱ्याच वर्षीं 'आदा' नांवाचें लहानसें कडें तेथें सुरू झालें. प्रोटॉन हें अनेक घटकांचें गाठोडें आहे. त्याच्या टकरींत कोणत्या घटकानें किती ऊर्जा आणली, हें नेमकें कळत नाहीं. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन जेव्हां परस्परांस नाहींसे करतात, तेव्हां मात्र त्यांची सारी ऊर्जा नव्या कणांच्या वांट्यास येते. जमेची बाजू अशी निश्चित होते.

या गुणाचा मोठा उपयोग जपानांतील त्सुकुबा येथील 'बेल' या प्रयोगानें केला. तेथें टकरीची ऊर्जा अशी बेतलेली होती कीं, बी-मेसॉन व त्याचा प्रतिकण यांचें जोडपें निर्माण झाल्यावर त्यासोबत दुसरा कण निर्माण होण्याइतकी ऊर्जा उरूं नये. यांपैकीं एकाचा क्षय होऊन त्यांतून न्यूट्रिनो आणि इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊबंद 'टाऊ' हे दोन कण निघतात काय, हें पाहावयाचें होतें. न्यूट्रिनो कसलीही खूण न ठेवतां निघून जातो. टाऊच्या क्षयांतूनही न्यूट्रिनोच निसटतात. म्हणून शास्त्रज्ञांनीं जोडप्यांतील दुसऱ्याचे सर्व अवशेष जुळवून त्याचा हिशेब पुरा केला. राहिलें तें पहिल्याचें. तेथें टाऊच्या एखाद-दुसऱ्या अवशेषापलीकडे ऊर्जेचा मागमूस नसेल, तर तो विरळ क्षय झाला असावा.

'असावा' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच एखाद्या क्षयांतील कण यंत्राच्या नजरेंतून सुटला, तरी देखावा तसाच दिसतो. म्हणून निवडीचे नियम कायम होईपर्यंत निर्णायक आंकडे झांकून ठेवण्याची शिस्त या क्षेत्रांत रूढ झाली. हव्या त्या उत्तराकडे नियम वांकविण्याचा मोह तिनें टळतो. २००६ सालीं सुमारें ४५ कोटि जोडप्यांवरून या क्षयाचा पहिला पुरावा मिळाला. प्रमाण होतें लाखांत १८, अनिश्चितता ७. पुढें ७७ कोटि जोडप्यांवरून २०१५ सालीं तोच आंकडा ९ झाला, अनिश्चितता २. पहिला आंकडा खोटा नव्हता. आपण किती डळमळीत आहों हें त्यानें आरंभींच सांगितलें होतें.

हें स्मरण आज विशेष उपयोगी आहे. २०२३ सालीं 'बेल-दोन' या प्रयोगानें बी-मेसॉनापासून के-मेसॉन व न्यूट्रिनोंची जोडी निघाल्याचा पहिला पुरावा जाहीर केला. या यंत्रांतील सिलिकॉनच्या शोधकाचा एक थर घडविण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वांटा आहे. मोजलेलें प्रमाण दहा लाखांत सुमारें २३, अनिश्चितता ७. प्रचलित सिद्धांताची अपेक्षा मात्र पांच-सहांची. हा फरक टिकला, तर न्यूट्रिनोंच्या आडून एखादा अज्ञात कण निसटत असण्याचा संभव आहे. परंतु शोध लागला असें म्हणण्यास पुराव्याचें बळ अनिश्चिततेच्या पांचपट असावें, असा या शास्त्राचा दंडक आहे. येथें क्षयाच्या अस्तित्वाचाच पुरावा साडेतीनपट आहे, आणि २००६ च्या पुराव्याचें बळही साडेतीनपटच होतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं वही मिटलेली नाहीं. आणखी जोडपीं जमवून ते पुन्हां बेरीज करणार आहेत.