पाठाखालची नागमोडी रेघ

व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, अशी महाभारताची जन्मकथा आपण आजीच्या तोंडून ऐकलेली असते. आमच्या बावड्याच्या शाळेत मी ती दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ती रंगते. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने सिद्ध केलेले आदिपर्व उघडा. मूळ पाठात ही गोष्ट नाही!

गणपतीलाच वगळले म्हणजे काय, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतील. पण वगळणाऱ्याने ती गोष्ट दडवलेली नाही. ती परिशिष्टात जशीच्या तशी छापलेली आहे. जुन्या, स्वतंत्र परंपरांच्या पोथ्यांचा तिला पुरेसा आधार मिळेना, म्हणून जागा बदलली, इतकेच.

हे काम १९१९ साली सुरू झाले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले होते. १९२३ साली नारायण बापूजी उटगीकरांनी विराटपर्वाची नमुना-आवृत्ती काढली. संस्थेने ती देशोदेशींच्या पंडितांकडे धाडली आणि दोष दाखवा म्हणून विनविले. आपल्या लेखनावर आपणहून टीका मागवायची, ही गोष्ट सोपी नव्हे; आम्हां मास्तरांना तर नाहीच नाही!

१९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस. त्याला ताळा दाखवल्याशिवाय उत्तर लिहिणे रुचेना. प्रत्येक श्लोकाखाली कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, ते त्यांनी बारीक टाइपात दिले. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचकाने खालचा पुरावा पाहून आपला निर्णय करावा. आणि जिथे स्वतःचीच खात्री नव्हती, त्या शब्दांखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. मला या साऱ्या विद्वत्तेत ती रेघच फार आवडते. आपल्या शंकेची अशी उघड खूण करणारे विद्वान किती? २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम करावे लागले, हे आठवले की ती रेघ आणखी ठळक दिसते.

सिल्व्हँ लेव्ही हे फ्रेंच पंडित म्हणाले, मूळ पाठ शोधण्याचा खटाटोप सोडा, रूढ नीलकंठी पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या. सुखटणकरांनी १९३३ च्या प्रस्तावनेत त्यांचे म्हणणे नोंदवून त्याला उत्तर दिले. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळातून त्याची एक अतिप्राचीन पोथी हाती आली. छापलेला पाठ खोटा ठरण्याची ही संधीच होती! सुखटणकरांनी पोथी ताडून पाहिली आणि तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. तिची साक्ष बहुतांशी त्यांच्याच बाजूने पडली.

२१ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. सभापर्व अमेरिकेच्या एजर्टनांनी पुरे केले, भीष्मपर्व बेलवलकरांनी, कर्णपर्व प. ल. वैद्यांनी, ज्याचे काम त्याचे नाव त्या त्या खंडावर आहे. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन पुण्याला आले आणि ग्रंथ पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. तोवर १२५९ पोथ्या पाहून झाल्या होत्या.