शिंपला कुठे सापडेल? एका अंदाजाचा मागोवा

कसारा लोकलने खडवलीला उतरलं की भातसा नदी जवळच. सुट्टीच्या दिवशी इथे डुंबायला गर्दी उसळते, पण नदीच्या तळाशी शिंपले राहत असतील हे कुणाच्या गावीही नसतं. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया हे गोड्या पाण्यातले शिंपले आपल्या नद्यांचे जुने रहिवासी. गाळात अर्धे रुतून बसायचं, पाणी आत ओढायचं, गाळून बाहेर सोडायचं, एवढंच त्यांचं काम. वरून दिसते फक्त रेतीतली एक बारीक फट.

ती फट कुठे असेल, हा अंदाज पहिल्यांदा बांधला तो पायाच्या तळव्यांनी. नदीकाठच्या कातकरी-ठाकूर घरांत मासे, खेकडे, शिंपले धरणं हे पोटापाण्याचं काम. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चाललं, पण कुणी लिहून ठेवलं नाही.

कागदावर आलं ते वेगळंच. १९१५ मध्ये एच. बी. प्रेस्टन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्याच्या मृदुकाय प्राण्यांचा ग्रंथ काढला. पुढच्याच वर्षी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९८९ मध्ये तिनेच एन. व्ही. सुब्बा राव यांची याच विषयावरची हस्तपुस्तिका छापली. या सगळ्या नोंदींना एक मर्यादा आहे. नमुने गोळा करणारा जिथवर पोचला, तिथवरच नकाशावर ठिपके. जिथे ठिपका नाही तिथे शिंपला नाही, असं म्हणता येत नाही.

त्याच्या कितीतरी आधी युरोपात एक विलक्षण कोडं सुटत गेलं होतं. १६९५ मध्ये लेवेनहुक यांना शिंपल्याच्या कल्ल्यांत इवलेसे जीव दिसले. १७९७ मध्ये राथके यांनी त्यांना परजीवी ठरवून वेगळं नावही दिलं. ती शिंपल्याचीच पिल्लं निघाली, आणि १८६६ मध्ये लायडिग यांना ती माशांच्या परांना चिकटलेली सापडली. माशाच्या अंगावर काही दिवस काढल्याशिवाय बहुतेक जातींच्या पिल्लाचा शिंपला होतच नाही. जो स्वतः जेमतेम हातभर सरकतो, तो प्रवाहाविरुद्ध वर जातो तो माशाच्या जिवावर. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच. शिंपला शोधायचा तर आधी मासा विचारात घ्यावा लागतो.

माशानंतर पाळी आली जागेची. १९२० मध्ये ऑर्टमन यांनी अमेरिकेत दाखवून दिलं, की एकाच जातीचा शिंपला उगमाकडे चपटा आणि खाली मोठ्या पात्रात फुगीर होत जातो. १९९९ मध्ये स्ट्रेयर यांनी पुराकडे बोट दाखवलं: मोठ्या पुरातही जिथे तळ जागचा हलत नाही, तिथेच शिंपले टिकतात. आणि २००६ मध्ये मॅक्सएंट ही संगणकी पद्धत प्रसिद्ध झाली. मोजके ठिपके, पाऊस, उतार, तापमान दिलं की ती सारखी परिस्थिती असलेल्या जागा दाखवते. दुर्मीळ जातींसाठी हे वरदानच. कृष्णा खोऱ्यातल्या आर्सिडॉप्सिस फूटी या संकटग्रस्त शिंपल्यासाठी असा शोध उपयोगी पडेल.

पण हे गणित भातसेला जसंच्या तसं लावता येणार नाही. धरणातून सोडलेलं मुंबईचं पाणी पिसे बंधाऱ्यापर्यंत नदीच्या पात्रातूनच येतं, म्हणून खडवलीला ऐन मे महिन्यातही नदी वाहती असते. पावसाच्या आकड्यांवरून संगणकाला हे कळायचं नाही. वरती धरण, खाली बंधारा. मासा अडला की पिल्लंही अडली, हे गणितात धरायला हवं.

खडवलीत शोधायचंच झालं तर मी मधली धार सोडून देईन. मोठ्या खडकांच्या आडोशाला, काठच्या मुळांखाली, घट्ट बसलेल्या बारीक रेतीत हात घालीन. शिंपला हाती लागला की त्याचा बिजागरीजवळचा उंचवटा पाहायचा. पॅरेसियाच्या कोवळ्या कवचावर तिथे नागमोडी सुरकुत्या असतात. म्हाताऱ्याच्या कवचावर त्या झिजून पांढरा चट्टा पडतो. नुसते असे पांढरे चट्टेवाले मिळाले तर मला काळजी वाटेल. शिंपले बरीच वर्षं जगतात. मासे गेल्यावरही जुनी पिढी तळाशी तशीच बसून राहते, आणि नकाशावर तिचा ठिपका दिसत राहतो. म्हणून नोंदवहीत मोठ्यांच्या संख्येशेजारी नखाएवढ्या पिल्लांसाठी स्वतंत्र रकाना हवा. तो रिकामा राहिला, तरी तसं लिहून ठेवायला हवं.