१८६ : एका पानिपताचा हिशेब

मोठ्या पराभवासाठी मराठीत एकच शब्द पुरतो, पानिपत. पुढे कोण, कधी, किती हे सांगावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न फुटबॉल क्लबच्या चाहत्यांकडे शब्दाऐवजी एक आकडा आहे : १८६. हा आकडा उच्चारला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

शनिवार, ३० जुलै २०११. मेलबर्नपासून साधारण ७५ किलोमीटरवरचं जिलाँग शहर, तिथलं कार्डिनिया पार्क मैदान. अंतिम गुणफलक : जिलाँग २३३, मेलबर्न ४७. फरक १८६ गुणांचा.

हा खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या लोकांच्या तोंडी नुसतं 'फूटी'. आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. क्रिकेटच्या मोठ्या मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडू. चेंडू लंबगोल, तो हातात धरून पळता येतं. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. जिलाँगनं त्या दिवशी ३७ गोल आणि ११ बिहाइंड केले, मेलबर्ननं ७ गोल आणि ५ बिहाइंड. साधारण दोन तासांच्या खेळात ३७ गोल, म्हणजे सव्वातीन मिनिटांना एक. प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी परत येतो आणि डाव नव्यानं मांडला जातो. थोडक्यात, मेलबर्नला त्या दुपारी ३७ वेळा नवी सुरुवात मिळाली होती.

या लीगचा इतिहास १८९७पासूनचा आहे. एवढ्या वर्षांत यापेक्षा मोठा पराभव एकच : १९७९मध्ये फिट्झरॉय क्लबनं १९० गुणांनी मिळवलेला विजय. आणि तेव्हाही समोर मेलबर्नच होतं. सर्वांत मोठे दोन पराभव एकाच क्लबच्या नावावर.

तरीही, चाहत्यांचा राग नेमका कशाचा होता हे फक्त गुणफलक पाहून कळत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं.

मेलबर्न हा साधा क्लब नाही. त्याची स्थापना १८५८ची. १८५९मध्ये या क्लबच्या लोकांनी एकत्र बसून खेळाचे नियम कागदावर उतरवले. जगातल्या कोणत्याही प्रकारच्या फुटबॉलच्या सर्वांत जुन्या लिखित नियमांमध्ये त्यांची गणना होते. क्लबचं घरचं मैदान मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजे बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला पाठ असलेलं एमसीजी. १९६४पर्यंत या क्लबनं १२ विजेतेपदं मिळवली होती. त्यांतली सहा प्रशिक्षक नॉर्म स्मिथच्या काळातली. १९६५मध्ये भर मोसमात क्लबनं याच स्मिथला काढून टाकलं आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांत परत घेतलं. त्यानंतर विजेतेपद आलंच नाही. १९८८ला अंतिम सामन्यात ९६ गुणांनी हार, २००० साली ६० गुणांनी. इतर क्लबांचे चाहते टोमणा मारायचे, की मेलबर्नवाले श्रीमंत, संघ हरायला लागला की बर्फात स्कीइंगला निघून जातात.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आयपीएलच्या संघाला मालक असतो. संघ हरला की आपण मालकाला, लिलावाला, कर्णधाराला शिव्या घालतो आणि चॅनल बदलतो. तिकडचे बहुतेक क्लब सभासदांचे असतात. चाहता दरवर्षी वर्गणी भरतो, सभासद होतो आणि संचालक मंडळासाठी मत देतो. १९९६मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न या दोन क्लबांच्या विलीनीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा निर्णय सभासदांच्या मतदानावर होता. मेलबर्नच्या सभासदांनी हो म्हटलं, हॉथॉर्नच्या सभासदांनी नाही म्हटलं, म्हणून मेलबर्न स्वतंत्र राहिला.

२००८मध्ये या क्लबवर सुमारे ५० लाख डॉलरचं कर्ज होतं. जिम स्टाइन्स अध्यक्ष झाले. हा आयर्लंडहून आलेला माणूस. मूळचा गेलिक फुटबॉलचा खेळाडू, पण इथे येऊन १९९१मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं ब्राउनलो पदक जिंकलं. त्यांनी कर्ज फेडण्याची मोहीम उघडली आणि चाहत्यांनी खिशातून पैसे दिले. २००९मध्ये स्टाइन्स यांना कर्करोग झाला, तरी ते पदावर राहिले. २०१०मध्ये क्लब कर्जमुक्त झाल्याचं जाहीर झालं. १८६ची ती दुपार त्यानंतर वर्षभरातली. घराचे हप्ते नुकतेच संपावेत आणि छप्पर कोसळावं, तसं.

पण खरी गाठ पैशांत नव्हती, ती २००८ आणि २००९च्या मोसमांत होती.

या लीगमध्ये तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळतो. याला 'ड्राफ्ट' म्हणतात. कल्पना चांगली आहे. दुबळ्याला बळ मिळावं, चुरस टिकावी. त्यावर आणखी एक नियम होता. मोसमात पाचपेक्षा कमी सामने जिंकले तर एक जादा निवड. सलग दोन मोसम तसं झालं, तर ती जादा निवड थेट सगळ्यांच्या आधी.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते, की यंत्रणा तुमचा हेतू वाचत नाही, ती अट वाचते. टेस्टरला सापडलेल्या बगच्या संख्येवर बक्षीस ठेवलं, की बग वाढतात. सॉफ्टवेअर सुधारतंच असं नाही. या नियमातली अट होती 'पाचपेक्षा कमी'. म्हणजे मोसम हातातून गेला की चौथा विजय चालेल, पाचवा महागात पडेल.

मेलबर्ननं २००८मध्ये ३ सामने जिंकले, २००९मध्ये ४. दोन्ही मोसमांत तळाला. २००९च्या ऑगस्टमधला रिचमंडविरुद्धचा सामना आजही निघतो. मेलबर्न आघाडीवर होतं. शेवटचा भोंगा वाजल्यावर रिचमंडच्या खेळाडूनं लाथ मारली, गोल झाला आणि मेलबर्न ४ गुणांनी हरलं. या खेळात भोंग्याआधी चेंडू पकडला असेल तर नंतरची लाथ ग्राह्य धरतात. एरवी असा पराभव जिव्हारी लागतो. पण त्या वर्षी मेलबर्नच्या गोटातच हिशेब उघडपणे मांडला जात होता, की हरलो तर बरंच, निवड मिळेल. वर्षअखेरीला क्लबनं पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह ही दोन पोरं घेतली.

हा एक अलिखित करार होता : आज हरा, उद्या जिंका. बरेच चाहते या कराराला मनातून तयार झाले होते. दोन वर्षं ते रविवार-रविवार पराभव पाहत राहिले, कारण तो पराभव म्हणजे गुंतवणूक आहे असं त्यांना सांगितलं गेलं होतं आणि त्यांनीही एकमेकांना तेच सांगितलं होतं. १८६नं त्या गुंतवणुकीची किंमत जाहीर केली. माझ्या मते रागाचं मूळ इथे आहे. नुसत्या हरण्याचा राग दोन दिवसांत ओसरतो. पण हरणं कशासाठी तरी आहे असा विश्वास ठेवला आणि ते कशासाठीच नव्हतं असं दिसलं, तर तो राग कुठे काढायचा हेच कळत नाही. त्यातला थोडा स्वतःवरही असतो.

त्या मोसमात संघ अगदी टाकाऊ होता असंही नाही. मोसम संपला तेव्हा ८ विजयांसह १७ संघांत तो १३वा होता. म्हणूनच धक्का मोठा होता.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, प्रशिक्षक डीन बेली यांना काढलं. निरोपाच्या पत्रकार परिषदेत बेली शांत होते. पहिल्या दोन वर्षांत क्लबला चांगल्या निवडी मिळाव्यात अशा स्थितीत आपण त्याला ठेवलं, अशा अर्थाचं ते बोलून गेले. पुढच्या वर्षी एका माजी खेळाडूनं टीव्हीवर २००९चा विषय पुन्हा काढला आणि लीगनं चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१३मध्ये निकाल आला : क्लबनं मुद्दाम सामने हरण्याचा कट केला असं सिद्ध होत नाही, मात्र दंड ५ लाख डॉलर. बेलींवर १६ आठवड्यांची बंदी, तेव्हाच्या फुटबॉल व्यवस्थापकावर सुमारे वर्षभराची. गुन्हा नाही, पण शिक्षा आहे, हे वाचून चाहत्यांनी काय समजायचं? ज्या नियमानं हरण्याला बक्षीस लावलं होतं, तो नियम लिहिणारी लीगच इथे न्यायाधीश होती.

आणि १८६ हा तळही नव्हता. २०१२मध्ये ४ विजय, २०१३मध्ये २. एप्रिल २०१३मध्ये, तेही एमसीजीवर, एसेंडनकडून १४८ गुणांनी हार. मुख्य कार्यकारी अधिकारी गेले, त्याच मोसमात नवे प्रशिक्षकही गेले. २०१४मध्ये पुन्हा ४ विजय. ज्या स्कलीसाठी एवढा खटाटोप केला होता, तो २०११च्या अखेरीलाच दुसऱ्या क्लबकडे गेला होता. ट्रेंगोव्हला विशीत कर्णधार केलं, आणि पुढे पायाच्या दुखापतीनं त्याची कारकीर्द कुरतडली.

आपल्याकडची आठवण ताजी आहे. डिसेंबर २०२०मध्ये अॅडलेडला भारत ३६ धावांत गारद झाला आणि दहा दिवसांत, याच एमसीजीवर, अजिंक्य रहाणेच्या ११२ धावांच्या जोरावर कसोटी जिंकला. म्हणून पराभव म्हटला की आपण लगेच 'कमबॅक' शोधतो. मेलबर्नच्या चाहत्यांना दहा दिवस नाही, दहा वर्षं लागली. त्यातली बरीच वर्षं कसलाही सूड, कसलंही पुनरागमन नव्हतं. नुसतं दर शनिवार-रविवारी लाल-निळा गळपट्टा घालून जाणं होतं, किंवा न जाणं. न जाणाऱ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. वर्गणी भरून घरी बसणं हाही सभासदाचा निषेध असतो.

२०१८मध्ये संघ बारा वर्षांनी बाद फेरीत पोचला आणि अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर पर्थमध्ये ६६ गुणांनी हरला. २०१९मध्ये परत शेवटून दुसरा. मग २०२१. उपांत्य सामना जिलाँगशी, मेलबर्न ८३ गुणांनी विजयी. २५ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या सत्रात वेस्टर्न बुलडॉग्ज १९ गुणांनी पुढे होते. तिथून पुढचा खेळ मेलबर्न १०० विरुद्ध ७. एकूण १४० विरुद्ध ६६. ५७ वर्षांनी विजेतेपद. सर्वोत्तम खेळाडूचं पदक क्रिश्चन पेट्राकाला मिळालं आणि त्या पदकाचं नाव आहे 'नॉर्म स्मिथ मेडल'.

कोविडमुळे मेलबर्न शहर टाळेबंदीत होतं, म्हणून अंतिम सामना पर्थला हलवला होता. ज्यांनी १८६ पाहिला, वर्गणी भरली, कर्ज फेडलं, ते बहुतेक चाहते हजारो किलोमीटर दूर आपापल्या घरी टीव्हीसमोर होते.

त्या दिवशी चषक उचलणारा कर्णधार मॅक्स गॉन. तोसुद्धा २००९च्याच ड्राफ्टमधला. क्रमांक ३४. पेट्राका मात्र २०१४मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला होता, म्हणजे तळाला राहिल्याचा फायदा अजिबात होत नाही असं म्हणता येणार नाही. पण ज्या पहिल्या दोन निवडींसाठी चार विजयांवर थांबणं सोयीचं ठरलं होतं, त्या मेलबर्नच्या विजेत्या संघात नव्हत्या आणि ३४वा होता. ३४व्या निवडीसाठी कुणी हरण्याची गरज नव्हती.

१९७९मध्ये १९० गुणांनी जिंकणाऱ्या फिट्झरॉयचं काय झालं? पैशांअभावी १९९६च्या मोसमानंतर त्या क्लबचा लीगमधला कारभार संपला आणि तो ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला. सर्वांत मोठा विजय मिळवणाऱ्या संघाच्या चाहत्यांना आपला संघ गमवावा लागला, आणि सर्वांत मोठे दोन पराभव सोसणाऱ्यांचा संघ उरला.

जिम स्टाइन्स मार्च २०१२मध्ये गेले, वय ४५. डीन बेलीही मार्च २०१४मध्ये कर्करोगानंच गेले, वय ४७. २०२१ दोघांनीही पाहिलं नाही. एकाला चाहत्यांनी देवासारखं जपलं, दुसऱ्याच्या नावावर १८६ लिहिला गेला. त्या आकड्याचा हिशेब मांडायचा तर बेलींच्या नावासोबत त्या नियमाचं नावही लिहावं लागेल, तो नियम करणाऱ्या लीगचं आणि २००९मध्ये तो भोंगा वाजल्यावर मनातून सुटकेचा श्वास सोडणाऱ्या प्रत्येकाचंही.