ब्रिटिश विद्यापीठांतील उन्हाळी वर्ग आणि सातारा–सांगली

विद्यापीठाच्या दीर्घ सुटीत, तेथील नियमित विद्यार्थी नसलेल्यांना काही दिवस राहून व्याख्याने ऐकण्याची आणि ग्रंथालय, भोजनगृह, वसतिगृह यांसह विद्यापीठीय जीवन अनुभवण्याची संधी देणाऱ्या उपक्रमास उन्हाळी वर्ग असे म्हणतात. ब्रिटनमध्ये ही कल्पना विद्यापीठविस्तार चळवळीतून पुढे आली. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये ठिकठिकाणी व्याख्यानमाला सुरू केल्या. ऑक्सफर्डने १८७८ मध्ये तोच मार्ग पत्करला. शिक्षक, कामगार व स्त्रिया हे त्यांच्या श्रोत्यांतील महत्त्वाचे वर्ग होते. अशा श्रोत्यांना विद्यापीठ प्रत्यक्ष पाहता यावे म्हणून १८८८ मध्ये ऑक्सफर्ड येथे पहिले उन्हाळी संमेलन भरले. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्गांचा प्रारंभ १९२३ मध्ये झाला. ज्यांना विद्यापीठ दुर्लभ, त्यांच्यासाठी त्याची दारे थोडे दिवस उघडणे, हा या उपक्रमाचा मूळ हेतू होय.

सातारा व सांगली (१९४९ ते १९६० या काळात दक्षिण सातारा) या जिल्ह्यांचा ब्रिटिश शिक्षणाशी संबंध मात्र प्रामुख्याने दीर्घ निवासातून जडला, आणि त्यासाठी पैसा कोठून आला यावर पुष्कळ काही अवलंबून राहिले. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत दाखल झाले. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. अध्यापनातून साठविलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडील कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२१ मध्ये एम्.एस्‌सी. व १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. साताऱ्यात जन्मलेले गणितज्ञ गणेश सखाराम महाजनी (१८९८–१९८४) यांनी केंब्रिज येथे अध्ययन केले. पुढे ते दिल्ली व पुणे या विद्यापीठांचे कुलगुरू झाले.

संस्थानिकांच्या मुलांना ही वाट तुलनेने सुकर होती. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत (१९१२–९२) ऑक्सफर्डला शिकले. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध व सांगली जिल्ह्यातील आटपाडी यांचा समावेश असलेल्या या संस्थानात १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्य घटना लागू झाली, तीत आप्पासाहेबांचा वाटा मोठा होता. याउलट भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेने शेतकऱ्यांच्या व गरिबांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी केली. तिच्या वसतिगृहातून पुढे आलेले पी. जी. पाटील इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होऊन परतले, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९७५ ते १९७८ या काळात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू होते.

आजचे उन्हाळी वर्ग बहुधा जुलै–ऑगस्टमध्ये दोन ते चार आठवडे चालतात. त्यांपैकी काही स्वतः विद्यापीठे चालवितात. पुष्कळसे मात्र महाविद्यालयांच्या सुटीत रिकाम्या असलेल्या इमारती भाड्याने घेऊन खाजगी संस्था चालवितात. अशा वर्गाचे प्रमाणपत्र ही पदवी नव्हे आणि त्यामुळे प्रवेशाचा हक्कही मिळत नाही. शुल्क, विमानप्रवास व प्रवेशपरवाना यांचा खर्च बहुतांशी पालकांनाच करावा लागतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर व पीएच्.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे, अल्पकालीन वर्ग तिच्या कक्षेत येत नाहीत. परिणामी मुळात वंचितांसाठी निघालेला हा उपक्रम आज मुख्यतः सधन कुटुंबांच्या आवाक्यात राहिला आहे. काही आठवड्यांच्या वास्तव्याने विद्यार्थ्याचे दडपण कमी होते व इच्छा जागी होते, हा त्याचा लाभ खरा. परंतु त्या इच्छेला पुढे शिष्यवृत्तीची अथवा संस्थेची जोड मिळाली, तरच तिचे शिक्षणात रूपांतर होते, असे या दोन जिल्ह्यांच्या इतिहासावरून दिसून येते.